शुक्रवारचा गूळ

रशीद नदाफने काढलेला गूळ शुक्रवारी पिवळा निघे आणि आठवड्याच्या इतर पाच दिवशी तांबडा. सोमवारी बैल जुंपत नसत, त्यामुळे सोमवारबद्दल काही सांगता येत नव्हते.

त्या शनिवारी दुपारी पेठ वडगावच्या शिवारातल्या गुऱ्हाळाच्या मांडवात आठवड्याचे रवे चटईवर ओळीने मांडले होते आणि शाहूपुरीचे अडत्ये गणपतराव त्यांच्यापुढे उकिडवे बसले होते. गुळाचा रवा म्हणजे अदमासे पाऊण मणाची ढेप. गणपतराव प्रत्येक रव्याची कड नखाने खरवडत, जिभेवर ठेवत आणि पुढे सरकत. शेवटच्या दोन रव्यांपाशी ते थांबले.

"ह्यो कुणाचा?"

"रशीदचा, मालक. कालचा," सत्याप्पाने उत्तर दिले.

"झकास हाय की. आन ह्यो?"

"ह्यो बी रशीदचाच. बुधवारचा."

गणपतरावांनी एकदा पिवळ्या रव्याकडे पाहिले, एकदा तांबड्याकडे.

"एकाच माणसाचं ह्ये? एक सोनं आन एक वीट?"

"वीट तरी बांधकामाला घावती, मालक," सत्याप्पा म्हणाला आणि त्याचा जोडीदार गुंडू तोंड फिरवून हसू लागला.

रशीद मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता. हसू त्यालाही आले असते. पण तांबडा रवा त्याचा होता.

शाहूपुरीची पेठ वसून तेव्हा बारा-तेरा वर्षे झाली होती. गावोगावचा गूळ गाड्यांनी तिथे येई, त्याचे सौदे होत आणि तो मुंबईकडे व गुजरातेत जाई. तिकडच्या गिऱ्हाइकाला पिवळा गूळ हवा असे. तांबडा तो नाइलाजाने घेई. पिवळा गूळ काढणारे गुळवे मात्र मोजके होते. हंगामात एका चांगल्या गुळव्यासाठी दोन गावांत काठ्या निघत, आणि तो गुळवा म्हातारा होऊन मेला की त्याची विद्या त्याच्याबरोबर जाई. शेवटी शाहूपुरीच्या पाच अडत्यांनी आणि वडगावकडच्या तीन गुऱ्हाळमालकांनी एकत्र बसून करार केला. मालकांनी ऊस, चरक आणि काहील द्यायची; अडत्यांनी शिकवणाऱ्याचा आणि उमेदवारांच्या जेवणाखाण्याचा भार उचलायचा; शिकून तयार होईल त्याने पहिले दोन हंगाम याच मालकांच्या गुऱ्हाळांवर काम करायचे. हा करार परोपकारातून झालेला नव्हता. म्हणूनच तो टिकेल, अशी आशा करायला जागा होती.

पहिल्या वर्षी तीन उमेदवार घेतले. सत्याप्पा आणि गुंडू ही ऊसवाल्यांच्या घरची माणसे. तिसरा माणूस गणपतरावांनी दिला, आणि तो होता त्यांचा हमाल. बाकीचे अडत्ये त्यावर आठवडाभर हसले. गणपतरावांचे कारण साधे होते. बारा वर्षे रवे वाहणारा रशीद नुसत्या पाठीवरून सांगे, "मालक, ह्यो पावसाळ्यात पाघळणार," आणि तो रवा पाघळे. ज्याच्या पाठीला एवढे कळते, त्याच्या हाताला शिकवून बघायला काय हरकत आहे, असे त्यांचे म्हणणे.

रशीदचे वय चौतीस. उजवा गुडघा जिना उतरताना कटकट वाजे. अजून पाच वर्षांनी या गुडघ्यावर रवा पेलणार नाही, हे त्याला ठाऊक होते आणि ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते. बायकोला न सांगताच कळले होते.

"आता ऐका," गणपतराव उठत म्हणाले. "येत्या बुधवारी न्हाय, त्येच्या फुडच्या बुधवारी आमी पाचीजण येणार. ज्येनं त्येनं आपापल्या पाळीला आपापलं आधण उतरवायचं. पिवळा आला तर गुळव्या. तांबडा आला तर..." त्यांनी रशीदकडे पाहिले आणि वाक्य बदलले. "तर शाहूपुरीत कामं हायतच."

"परीक्षा शुक्कीरवारी ठेवा की मालक," सत्याप्पा म्हणाला. "जुम्म्याला त्येच्या हातात बरकत असती."

"पाच अडत्यांना एकच बुधवार गावलाय. बरकतीला सांग, बुधवारी ये म्हणावं."

वर्गाचा क्रम असा होता. दिवसाला चार आधणे, म्हणजे चार वेळा काहील रसाने भरायची आणि आटवून उतरवायची. पहाटेचे पहिले आधण शिकवणाऱ्याचे. चुलवाणाची, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीची, पूजा करायची आणि पहिली काहील गुरूने उतरवायची, ही जुनी रीत. त्यानंतर सत्याप्पा, मग गुंडू आणि दिवस कलता कलता रशीद. शुक्रवारी मात्र रशीदला दुपारच्या नमाजासाठी वडगावच्या मशिदीत जायचे असे, म्हणून आण्णा त्याला पहिले आधण देत आणि त्याचे शेवटचे स्वतः घेत.

आण्णा म्हणजे शिकवणारे गुळवे. वय पासष्टच्या आसपास, आवाज तीन शेते ओलांडून जाणारा. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून तांबडा रवा उतरलेला कोणी पाहिला नव्हता. आपली विद्या ते एका वाक्यात सांगत: "नाकाचा शेंडा!" काहिलीतला पाक पळीने घ्यायचा, घंगाळातल्या पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि दाबून बघायची. गोळी नाकाच्या शेंड्याइतकी घट्ट लागली की त्याच क्षणी काहील उतरवायची. त्याआधी उतरवली तर गूळ बसत नाही. नंतर उतरवली तर करपून तांबडा पडतो. त्यामुळे त्या वर्गात तीन प्रौढ माणसे दिवसभर एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे नाक दाबत बसलेली दिसत. वाटेने जाणाऱ्या बायका पदराआड हसत.

घंगाळ तांब्याचे होते. पहाटे आण्णा स्वतः विहिरीतून ते भरत आणि चुलवाणाच्या कट्ट्यावर, काहिलीला लागून ठेवत. चारही आधणांच्या गोळ्या त्याच पाण्यात पडत, आणि दिवस मावळल्यावर ते गोड पाणी चरकाचे बैल पीत. मध्येच पाणी बदलले तर गूळ मोडतो, असे आण्णांच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते.

*

त्या रात्री रशीदची बायको मलिका भाकरी वाढायला बसली, तेव्हा तिने पिवळ्या गुळाची बातमी आधीच ऐकलेली होती.

"अम्मी म्हणत्यात, ह्या जुम्म्याचा गूळ मशिदीत वाटायचा. सगळी गल्ली म्हणती, रशीदवर अल्लाची मेहेर हाय."

"आन बुधवारच्या गुळाला काय म्हणती गल्ली?"

"बुधवारचं गल्लीला ठावं न्हाय."

"मला हाय की ठावं. मेहेर करायची तर सहाबी दिवस केली असती. अल्लाला काय शाहूपुरीच्या सौद्यात भाव चढवाय माल अडवून धरायचाय?"

"अल्लाच्या कामात नाक खुपसू नका."

"नाक आता आण्णांच्या मालकीचं झालंय," रशीद म्हणाला, आणि मलिका इतकी हसली की कालवणाची पळी तिच्या हातून सुटली.

हसणे थांबल्यावर तिने विचारले, "मग काय करणार?"

रशीदने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. हमालीत एक गोष्ट त्याच्या अंगात मुरली होती. भरलेली गाडी एका बाजूला कलायला लागली की शहाणा हमाल ओरडत नाही आणि देवाचे नावही घेत नाही. एक ओझे उतरवायचे आणि बघायचे. तरी कलली, तर ते परत चढवायचे आणि दुसरे उतरवायचे. ज्याने गाडी सरळ होते, तो रवा दोषी.

"एकेक वझं उतरवून बघणार," तो म्हणाला. "पयला शुक्कीरवार उतरवतो."

*

मंगळवारी पहाटे त्याने आण्णांना विनंती केली.

"आण्णा, आज पयलं आधण मला द्या. शेवटचं तुमी घ्या."

"आज मंगळवार हाय गा. आज कसला नमाज?"

"नमाज न्हाय. बघायचंय."

"काय बघायचंय?"

"बघितल्याबिगर कसं सांगू?"

आण्णांना हे उत्तर उद्धट वाटले. पण पहाटेची थंडी कडाक्याची होती आणि घोंगडे अजून ऊबदार होते. "घे मर्दा," ते म्हणाले आणि परत पडले.

मंगळवारचा तो गूळ पिवळाधमक उतरला.

सत्याप्पाने तोंडात बोट घातले. "आता मंगळवारीबी बरकत?"

"बरकत न्हाय. पाळी," रशीद म्हणाला. "शुक्कीरवारी म्या पयला असतो म्हणून पिवळा. बाकी दिशी शेवटचा असतो म्हणून तांबडा."

"मग दुपारचा रसच खराब हुईत आसंल. उनात तोडलेला ऊस आंबतो."

ही शंका योग्य होती आणि रशीदच्या मनातही तीच होती. तिचे उत्तर संध्याकाळी मिळाले. त्याच दुपारच्या रसाचे शेवटचे आधण आण्णांनी उतरवले, आणि तेही पिवळेधमक. म्हणजे रस निर्दोष. तेवढ्याने जाळाचाही निकाल लागला असता. पण रशीदने उगाच चुलवाणाकडे पाहिले, आणि तिथे चिपाडे सारणाऱ्या बनाबाईने ते पाहिले.

"माझ्याकडं काय बघतोस रं? जाळ कमी पडला व्हय?"

"कमी न्हाय मावशी, जास्त तर न्हाय ना म्हणून..."

"जास्त! वीस वर्सं झाली ह्या चुलवाणाफुडं. आण्णाच्या काईलीखाली जो जाळ, त्योच तुज्या काईलीखाली. जाळाला माणसं वळखता येत न्हाईत, बाबा. तुज्या हाताचं खापर माज्या चिपाडावर फोडू नगंस."

"फोडत न्हाय मावशी. उतरवलं तुमचं वझं."

"कसलं वझं?" बनाबाईने गुंडूला विचारले. गुंडूने कपाळाजवळ बोट फिरवून दाखवले.

उरले ते एवढेच. सकाळी रशीदचा हात बरोबर होता, म्हणजे हातात खोट नव्हती. दुपारी रस आणि जाळ बरोबर होता, कारण आण्णांचा गूळ बरोबर येत होता. खोट दुपारची होती, रशीदलाच लागत होती आणि आण्णांना लागत नव्हती. तेव्हा दुपारी आण्णा असे काय करतात, जे रशीद करत नाही?

हा प्रश्न त्याने सरळ आण्णांनाच विचारला.

"म्या काय येगळं करतो?" आण्णा गरजले. "नाकाचा शेंडा! तुला सांगितलं त्येच म्या करतो. लपवून ठेवलंय व्हय म्या काय?"

ते खरे बोलत होते, म्हणजे त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढे खरे बोलत होते.

*

शुक्रवारी नमाज आटोपताच रशीद वडगावहून गुऱ्हाळापर्यंत गुडघ्याची पर्वा न करता जवळजवळ पळत आला. आण्णांचे शेवटचे आधण घट्ट होत आले होते. रशीद त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आण्णांनी पळी बुडवली, पाक घंगाळात सोडला, गोळी वळली, दाबली, काहिलीकडे एक नजर टाकली आणि ओरडले, "उतरवा!" चार गड्यांनी काहिलीच्या कड्यांत दांडे घालून ती उचलली. गडबडीत आण्णांनी गोळी कट्ट्यावर टाकली. रशीदने ती उचलली.

गोळी मऊ होती. त्याने एका हाताने ती दाबली, दुसऱ्या हाताने नाक दाबले; मग नाक सोडून कान धरला.

"आण्णा," तो हळूच म्हणाला, "ही नाक न्हाय. ही कानाची पाळी हाय."

"काय बरळतोस?"

"दाबून बघा."

आण्णांनी गोळी घेतली आणि दाबली. मग पुन्हा एकदा दाबली. "थंड हुईल तशी हुईल घट्ट," ते म्हणाले आणि गोळी तोंडात टाकून पुरावा नष्ट केला.

रशीद मात्र तिथेच उभा राहिला. सकाळी नाक आणि दुपारी कान. गोळी वळणारा हात तोच आणि उतरलेला गूळही तसाच पिवळा. मग मधे बदलले काय? त्याने घंगाळात हात घातला. त्यात अंघोळ करता आली असती.

"पाणी गरम हाय!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की बैल दचकले. "आण्णा, पाणी गरम हाय! काईलीच्या कडंला दिवसभर तापतंय. सकाळी गार असतंय, गोळी लगीच आवळती. दुपारी आवळत न्हाय, म्हणून म्या थांबतो. नाक हुईस्तोवर थांबतो, आन तवर तिकडं काईलीत करपतंय!"

"मग म्या का थांबत न्हाय?"

रशीदने ओला हात सदऱ्याला पुसला.

"बुधवारी मला गार पाणी घिऊ द्या, आण्णा. एवढंच."

आण्णांचा चेहरा कठोर झाला. "पाणी मधीच बदललं तर गूळ मोडतो. माज्या बानं सांगितलंय, त्येच्या बानं त्येला. पाच अडत्यांम्होरं तू माजी रीत मोडणार? पाणी बदलायचं आसंल तर म्या बदलंन. आन म्या बदलत न्हाय."

*

वडगावच्या दवाखान्यात शमशुद्दीन कंपाउंडर होते. ते मलिकाचे मामा, म्हणून सगळ्या गल्लीचे मामू. मशिदीच्या पायरीवर रशीदने त्यांना सगळे सांगितले. मामूंनी शेवटपर्यंत ऐकले आणि दाढी कुरवाळली.

"तू म्हणतोस पाणी गरम. म्हातारा म्हणणार, तुजा हात गरम. पुरावा?"

"पुरावा काय? हात घालून बघायचं."

"हात साक्षीदार चालत न्हाय, बेटा. आमच्याकडं काच असती."

थर्मामीटर बाहेर न्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली. पण काच दुसऱ्याच्या हातात द्यायला मामू तयार नव्हते. बुधवारी रजा टाकून ते स्वतःच आले. थर्मामीटर सदऱ्याच्या आतल्या खिशात होता आणि चेहऱ्यावर शस्त्रक्रियेचे गांभीर्य होते.

पहाटे पहिल्या आधणाला त्यांनी थर्मामीटर झटकून घंगाळात धरला. पारा जागचा हलला नाही.

"काय म्हणतंय?" बनाबाईने विचारले.

"रोगी मेलेला हाय," मामू म्हणाले आणि काच पुसून परत खिशात ठेवली.

पाच अडत्ये दुपारी आले. सत्याप्पाचा रवा पिवळा उतरला होता. गुंडूचा किंचित गव्हाळ होता, पण चालण्यासारखा. रशीदची काहील चढली. रस उकळला, मळी निघाली, फेस वर आला आणि खाली बसला. पाक घट्ट होऊ लागला तेव्हा मामू पुढे झाले आणि सर्वांदेखत थर्मामीटर घंगाळात धरून उभे राहिले.

"एकशे चार," त्यांनी जाहीर केले.

"म्हंजे?" गणपतरावांनी विचारले.

"म्हंजे माणूस असता तर बडबडाय लागला असता."

अडत्ये हसले. आण्णा हसले नाहीत. "पाण्याला ताप येतो व्हय रं? मग त्येला काढा पाजा! चाळीस वर्सं ह्याच पाण्यात म्या गोळी बघितलीया. माजा गूळ कवा तांबडा आला?"

रशीदने हात जोडले. त्याच्या मागे काहील घुमत होती आणि वेळ फार थोडा होता.

"कवाच न्हाय, आण्णा. म्हणूनच तुमीच सांगा. ह्ये दुसरं घंगाळ, आत्ता हिरीतनं भरलेलं. तुमी डोळं झाका. गुंडू एकाच पळीतला पाक दोनी घंगाळात सोडंल. दोनी गोळ्या तुमच्या हातात. त्या सारख्याच लागल्या, तर म्या चुकलो. परीक्षा न देता आत्ता शाहूपुरीची वाट धरतो."

गणपतरावांनी रशीदकडे असे पाहिले, जणू हा माणूस भरलेली गाडी उताराला लावतो आहे. आण्णांनी एकवार चारही बाजूंना नजर फिरवली, मग पटक्याचा शेव ओढून स्वतःचे डोळे स्वतःच बांधले. "बांधलं, बघा. सोड गा पाक!"

गुंडूने पळी बुडवली. अर्धा पाक गरम पाण्यात, अर्धा गार पाण्यात. दोन गोळ्या वळल्या आणि आण्णांच्या दोन तळव्यांवर ठेवल्या.

आण्णांनी डावी दाबली. "ही कच्ची हाय. आजून येळ हाय हिला."

त्यांनी उजवी दाबली. "ही झाली. नाकाचा शेंडा. ही उतरवाय पायजे." मग कपाळाला आठ्या पडल्या. "गुंड्या, दोन काईलीतनं आणलंस व्हय रं?"

"एकच काईल हाय, आण्णा!" बनाबाई चुलवाणाच्या तोंडाशी बसून ओरडली. "दुसरी काय तुमच्या सासऱ्यानं दिलीया?"

उजवी गोळी गार पाण्यातली होती.

"उतरवा!" रशीद ओरडला. त्याच्या आयुष्यात तो इतक्या अधिकाराने कोणावर ओरडला नव्हता. चारही गडी अडत्यांना बाजूला सारत धावले, दांडे कड्यांत गेले, काहील उचलली आणि वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ हौदात, ओतली. पाक पसरला. हिवाळी उन्हात त्याचा रंग मोडलेल्या हळकुंडासारखा दिसत होता. रशीदने फावड्याने तो घोटायला घेतला, आणि घोटता घोटता तो हसत होता, की त्याचे डोळे वाफेने भरले होते, हे ठरवणे अवघड होते.

आण्णांनी डोळ्यांवरचा पटका वर सरकवला. वाफ्यातल्या गुळाकडे पाहिले, दोन्ही तळव्यांवरच्या गोळ्यांकडे पाहिले.

"आरं, मग चाळीस वर्सं म्या काय बघत हुतो?"

"फेस," रशीद म्हणाला. त्याला उत्तर आत्ताच सापडले होते. "तुमी फेस बघता, बुडबुडं बघता, वास घेता. गोळी नुसती हातात असती. आज डोळं बांधलं म्हणून पयल्यांदा गोळीवर इसंबला. आमाला तुमी गोळीच शिकवली, म्हणून आमी गोळीवरच इसंबतो."

"म्हंजे मला ठावं हाय, त्ये मलाच ठावं न्हवतं?"

"व्हय."

आण्णांनी दोन्ही गोळ्या पुन्हा एकदा दाबून पाहिल्या. मग त्यांचे पोट हलू लागले, खांदे हलू लागले, आणि ते असे खदखदून हसले की आवाज तीन शेते ओलांडून पलीकडच्या गुऱ्हाळापर्यंत गेला असावा. हसत हसतच त्यांनी तांब्याचे घंगाळ दोन्ही हातांनी उचलले, मांडवाबाहेर नेले आणि दिवस मावळायला अजून बराच अवकाश असतानाच बैलांपुढे ठेवले.

"बघू या, मोडतोय का गूळ," ते म्हणाले. "आन मोडला तर बाला वर गेल्यावर सांगतो, रशीदनं मोडला."

गूळ मोडला नाही. सूर्य टेकायच्या आत रवा बसला. गणपतरावांनी त्याची कड खरवडली, जिभेवर ठेवली आणि तिघांचीही नावे मोठ्याने वाचून दाखवली: गुळवे सत्याप्पा, गुळवे गुंडू, गुळवे रशीद. मामूंनी थर्मामीटर शेवटचा झटकला आणि जाहीर केले की आज सगळ्यांची तब्येत ठीक आहे. बनाबाईने उसाची एक कांडी कडकन मोडली आणि अर्धी रशीदच्या हातात दिली.

अडत्यांबरोबर आलेला कारकून वर्गाचे नियमपत्र घेऊन बसला. आण्णा म्हणाले, "लिव्ह, दर आधणाला पाणी ताजं घ्यायचं. झालं."

"कारणबी लिव्हा," रशीद म्हणाला.

"कारण कशाला? नेम हाय, नेम पाळायचा."

"कारण न्हाय लिव्हलं तर पन्नास वर्सांनी कुणीतरी ह्येच ताजं पाणी पुजत बसंल, आण्णा. तुमच्या बानं कारण सांगितलं न्हाय, म्हणून आपला आख्खा हंगाम गेला."

आण्णांनी कारकुनाकडे पाहून मान हलवली. कारकुनाने टाक दौतीत बुडवला आणि नियमाखाली पुढील मजकूर लिहिला:

गोळी पाहण्याचे पाणी काहिलीलगत दिवसभर तापत असे. गरम पाण्यात गोळी मऊ राहते. ती मऊ लागल्याने उमेदवार रशीद नदाफ काहील उशिरा उतरवी, आणि उशीर झाल्याने गूळ तांबडा पडे. शुक्रवारी त्याची पाळी पहिली असे. पहिल्या आधणाला पाणी गार असते.